टामरावाचं आवतन

आषाढ व. ५, बुधवार. मेहकर.

एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो. पुढेमागे चौकशी समिती बसलीच तर कामी येईल.

अंगणातली वाळवणाची दोरी ही आमच्या धोतराची जुनी वहिवाट. मराठी राज्य झालं त्या साली वाईहून बदलून इथं आलो, तेव्हापासूनची. आज सकाळी तिच्यावर एक निळी विजार. तंबूच्या कापडाइतकी जाड आणि चिंब ओली. तिच्या भारानं दोरीला असा झोल आला की माझं धोतर काठासकट चिखलात. विजार अमेरिकेची. सौ.ला नेऊन दाखवलं. म्हणाली, "मग दोरी ताणून बांधा." न्यायाची आशा मावळली.

विजारीचा धनी टॉम. वय तेवीस. सरकारच्या कोंबड्यांच्या योजनेवर आलाय. दिवाळीपर्यंत राहून पाहायचं, जमलं तर दोन वर्षं. आमचे घरमालक गणपतराव यांनी त्याला आमच्या लगतची खोली दिली. हेडमास्तरांचा मला हुकूम : रोज संध्याकाळी त्याला मराठी शिकवा, तुम्ही संस्कृतवाले, तुम्हाला काय अवघड. म्हणजे सोनाराला बोलावून नांगराचा फाळ ठोकून घ्यायचा.

सौ. सारखी त्याच्या खिडकीकडे बघते. आमचा चि. वसंताही तेवीसचाच. फाल्गुनात जर्मनीला गेला, कारखान्यात काम शिकायला. एक वर्ष, आणि "पुढचं पुढे बघू." दोन्ही गोष्टींत सौ.ला काहीतरी योग दिसतो. मला नाही दिसत.

आषाढ व. ९, रविवार.

गावानं टॉमचं नाव दुरुस्त केलं. टामराव. यापुढे मीही 'टा.' लिहीन, शाई वाचेल.

विद्यार्थी कष्टाळू. चुकला की स्वतःच्या मांडीवर चापट मारून घेतो. आज क्रियापदं झाली, मांडी लाल.

नंतर शिष्टाचार. सांगितलं की कोणाकडे गेलास आणि खायला विचारलं, तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको. तिसऱ्या आग्रहाला मान खाली घालून "बरं, अगदी थोडं." याहून वेगळं वागणारा आमच्या वाईला हावरा ठरतो. टा.नं विचारलं, "भूक असेल तर?" म्हटलं, "भूक असेल तर विशेषच."

श्रावण शु. १, सोमवार.

टा. आमच्या दारात चार अंडी घेऊन उभा. भेट म्हणून! सौ.नं दोन्ही हात पाठीमागे नेले, पण हसून. अंडी परत गेली, बदल्यात वरणभात पुढे आला. त्यानं दोनदा नको म्हटलं, सौ.नं तिसऱ्यांदा विचारलं, त्यानं ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. पद्धत बिनचूक चालते. गुरूला समाधान.

सौ. मात्र म्हणाली, "गालांची हाडं वर आलीत पोराची. स्टोव्हवर भात शिजवतो आणि मीठ लावून खातो. दिवाळीपर्यंत टिकायचा नाही हा." मग ताट उचलता उचलता, "वसंता काय खात असेल हो?"

मी वर्तमानपत्र वाचत होतो. कालचं.

श्रावण शु. ८, रविवार.

आज आडावर गणपतरावांच्या कौसाबाईंनी मला धरलं. बादली खाली ठेवली आणि कमरेवर हात.

"मास्तर, तुमचं ते लाल पोट्टं आमच्या घरचं खात नाई. काऊन?"

म्हटलं, असं कसं होईल.

"म्या सोता इचारलं. भाकर हाये, ठेचा हाये, घे म्हनलं. नको! पुन्हा म्हनलं. नको! अन् तुमच्या घरी तं वरनभात वरपते. आमची भाकर त्याले चालत नाई, तं त्याच्या कोंबड्या आमाले काऊन चालाव्या?"

"तिसऱ्यांदा विचारलंत का, बाई?"

"तिसऱ्यांदा? नको म्हनल्यावर का तोंड दाबून चारू?"

जागच्या जागी उजेड पडला. चौकशी केली. सगळ्या आळीत हेच. टा. दारोदार कोंबड्या घेऊन जातो, बाया भाकर विचारतात, तो माझा धडा म्हणून दाखवतो, आणि तिसऱ्या आग्रहाची वाट बघत उपाशी उभा राहतो. आत बाई चूल विझवत म्हणते, साहेबाला आपली जात चालत नाही. एकाही घरानं अजून कोंबडी घेतलेली नाही. राहायचं होतं मेहकरात आणि मी त्याला वाई शिकवून बसलो.

संध्याकाळी नवा धडा. पहिल्यांदाच हो म्हण. लगेच. मोठ्यानं.

"आणि वाईला?"

"वाईला तू जाणार नाहीस."

रात्री सौ. ताट वाढताना : "वसंताला जाताना हेच शिकवलं होतंत ना? स्टेशनवर?"

भात जरा जास्तच गरम होता. फुंकत बसलो.

श्रावण शु. १५, रविवार.

विद्यार्थी एका टोकाहून सुटला तो थेट दुसऱ्या टोकाला. आता कोणी तोंड उघडायच्या आत "हाव!" म्हणतो. परवा गणपतरावांकडे ठेचा खाल्ला. डोळ्यांतून, नाकातून धारा. तरी "हाव." कौसाबाई पदराआड हसून हसून बेजार. "देवा, मरते आता हे!" आणि वर अजून एक भाकर. त्याच दिवशी दोन कोंबड्या ठेवून घेतल्या. बाकीच्या आळीनं दुसऱ्या दिवशी. कोंबड्यांचा आणि भाकरीचा संबंध सरकारच्या योजनेत कुठं दिलेला नसावा.

मराठीचं मात्र मातेरं. मी संध्याकाळी पेरतो ते आळी सकाळी निंदून टाकते. "मला" देऊन पाठवतो, "मले" घेऊन येतो. रागावलो तर म्हणतो, "गुरुजी, काऊन कावून राह्यले?"

चि.चं कार्ड. चार ओळी. प्रकृती उत्तम, काम चांगलं, हवा थंड, सर्वांस नमस्कार. सौ.नं कार्ड उलटं करून पाहिलं. जेवणाचं अक्षर नाही. "उपाशी असणार. तो कुठला मागतोय."

श्रावण व. १४, रविवार.

उद्या पोळा. संध्याकाळी गोठ्यात गणपतराव बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळत होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले. टा. मदतीला, पवळ्याची शिंगं धरून उभा, तोंड बैलाच्या तोंडाशी. चोळणं झालं, गणपतरावांनी रीतीप्रमाणे दोन्ही बैलांच्या खांद्याला हात लावून हात जोडले : "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

टा. ठणठणीत आवाजात : "हाव!"

गणपतराव हसले. त्यांना वाटलं, बैलांच्या वतीनं बोलला. मलाही तसंच वाटलं.

श्रावण व. ३०, सोमवार. पोळा.

हे लिहितानाही हसू आवरत नाही.

दिवेलागणीला बैल मिरवून घरी आले. झुली, बेगड, गोंडे. दारात कौसाबाई आरती घेऊन. आणि बैलांच्या शेजारी, ओळ धरून, टा. आंघोळ केलेला, केस चापून बसवलेले, नेसूचं धोतर माझं (सौ.नं परस्पर दिलेलं), गाठ त्याची. डावीकडे ढवळ्या, मधे पवळ्या, उजवीकडे अमेरिका.

गणपतराव : "टामराव, हे का करून राह्यले?"

"आवतन," टा. म्हणाला. "काल घेतलं. जेवाले आलो."

 सगळ्या आळीला एकदम हसू फुटलं. पोरं लोळली. टा.च्या कानांपर्यंत रंग चढत गेला. त्याला कळलं नाही काय चुकलं, पण काहीतरी चुकलं एवढं कळलं. एक पाऊल मागे घेतलं त्यानं. मी पुढे होऊन समजावणार होतो. खरं तर मीही हसत होतो.

कौसाबाई कडाडल्या, "हासता काय बे! आवतन घेतलं त्यानं. घेतलं तं जेवलं पाह्यजे."

आणि त्यांनी ढवळ्याचे पाय धुतले, पवळ्याचे धुतले, आणि न थांबता टा.चेही. तिघांना कुंकू. तिघांना ओवाळलं. आधी बैलांच्या तोंडात पुरणपोळी, मग त्याच्या हातावर. तो उभ्यानंच खात राहिला. डोळे भरलेले. आज ठेचा नव्हता.

गणपतराव म्हणाले, "खाल्लं ना? आता उद्या गाडीले जुपतो."

"हाव."

भाद्रपद शु. ९, मंगळवार.

गावात टा.ला आता तिसरा बैल म्हणतात. तो स्वतःच ओळख तशी करून देतो. कोंबड्या पलीकडच्या आळीतही गेल्या. गाडीलाही खरंच गेला होता. परतला तो उन्हानं भाजून, आणि आनंदात.

संध्याकाळचा धडा आठवड्यातून दोनदाच. म्हणतो, वेळ नाही, कौसाबाईंकडे शेंगा फोडायच्यात. सौ. हल्ली त्याच्या खिडकीकडे बघत नाही. खिडकीत कोणी नसतंच.

भाद्रपद व. ३, गुरुवार.

टा. आज मुद्दाम आला. जमिनीवर बसला, मांडी घालून, आता अगदी सहज. म्हणाला, "गुरुजी, मी दिवाळीला जात नाई. दोन वर्षं राहतो म्हणून सांगितलं साहेबाले. मंग पुढचं पुढे."

पाठ थोपटली. गुरूनं थोपटायची असते. विचारलं, आईला कळवलंस?

"कौसाबाईले सांगितलं. हाव म्हणल्या."

"अरे, तुझ्या आईला."

 "तिले कळवतो सवडीनं." मग अंगणातून हाक आली आणि उठून गेला, पायताण न घालता.

सौ.ला फार आनंद झाला. म्हणाली, "बघा, रमला की नाही! मी उगीच जिवाला घोर लावून घेत होते. इथं, या धुळीत, भाकरी-ठेच्यावर हा रमतो, मग तिकडे आपल्या वसंताला काय कमी आहे? त्यालाही भेटलं असेल कोणीतरी जेवायला घालणारं." आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली, आणि झोपलीसुद्धा.

मी हो म्हटलं. पहिल्यांदाच.

वसंतानं परत कधी येणार ते कळवलेलं नाही. मी विचारलेलं नाही. सौ.ला इतके दिवस वाटत होतं तो तिकडे उपाशी असेल. मला ती काळजी कधीच नव्हती. त्याला कोणी प्रेमानं जेवायला बोलावत असेल आणि तो जात असेल, ही आहे.