पीठ गोंदियाचं, सारण आईचं

३० जानेवारी

प्रिय दुर्पता मावशी,

फोनवर गावाचं नाव काढलं की तुझ्या होस्टेलमधलं दूध नेमकं त्याच वेळी उतू जातं, म्हणून यावेळी पत्र लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, कारण तू अजून चष्मा बदललेला नसणार. तिकडे नागपुरात साठ मुलींना वेळेवर गरम पोळ्या मिळतात आणि तुला डोळे तपासायला एक सकाळ मिळत नाही, असंच चाललेलं असेल.

आधी मजेची बातमी. आपल्या घरी ओव्हन आला आहे. गोंदियाला माझ्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीचं लग्न झालं, ती पुण्याला गेली आणि जाताना तिचा छोटा ओव्हन मला देऊन गेली. मी बी.ए. झाले तेव्हा जेवढी माणसं घरी आली नव्हती, तेवढी हा डबा बघायला आली. गोंदियाच्या बाजारात एक बेकरीवाला पफचं तयार पीठ किलोवर विकतो. मैदा आणि डालड्याचे पदर एकावर एक घातलेली जाड पोळीच असते ती. आपण फक्त चौकोन कापायचे, आत काहीतरी तिखट भरायचं, कडेला पाण्याचं बोट फिरवून दुमडायचं, वरून दूध लावून चिमूटभर जवस टाकायचं आणि पंचवीस मिनिटं ओव्हनचं दार उघडायचं नाही. शेवटचं सगळ्यांत कठीण. बाबा दर दोन मिनिटांनी दाराशी येऊन बसतात.

हे पीठ थंड राहावं लागतं. बिसरामभाऊ मासळीला वापरतात तो थर्माकोलचा डबा मी मागून घेतला, चिंचेनं तीनदा धुतला आणि बल्लारशाहच्या गाडीनं पीठ अर्जुनीपर्यंत आणलं. गाडीत शेजारी बसलेली बाई सारखी नाक मुरडत होती. तेवढं करून पहिल्याच दिवशी काय झालं ऐक. मी आंघोळीला गेले आणि आईनं ते पीठ परातीत घेतलं, पाण्याचा हात लावला आणि अर्धा तास दणकून मळलं. मी आले तर घामाघूम होऊन सांगते, "दुकानवाल्यानं बरोबर मळलंच नव्हतं. सारे पदर पदर दिसून राहिले होते." बेकरीवाल्यानं मला दोनदा बजावलं होतं, "मॅडम, इसको वापस गूंथना मत." ते मी आईला सांगायला हवं होतं. त्या दिवशीचा पफ हातात घेऊन बाबा म्हणाले, "याले अडकित्ता लागन."

पण दुसऱ्या वेळी फुगले, मावशी. दोन बोटांची पोळी चार बोटं झाली. आईनं काचेतून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली.

आता खरं सांगायचं ते. आपल्या बचत गटात दहा बाया आहेत, सात वरच्या मोहल्ल्यातल्या आणि तीन आपल्या. रुख्माबाई अध्यक्ष आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाला दरवर्षी अर्जुनीच्या हॉटेलातून समोसे यायचे. यंदा मोठ्या गुरुजींनी नाश्ता गटाला सांगितला. मी पफ सुचवले, सगळ्या तयार झाल्या. मग रुख्माबाई म्हणाली, "पीठ दुकानचंच आणजो, रीना. दुकानच्या मालाले कोणी काही इचारत नाही. सारण माह्या घरी करू. तू शिकलेली हायेस, तू लिखापढी पाय." शेजारी बसलेल्या आईनं मुकाट मान हलवली. रुख्माबाई वाईट नाही गं. ती फक्त आपल्या गावाचा नियम सांगत होती. बेकरीत पिठाला कोणाचे हात लागले हे कोणी विचारत नाही, विहाराजवळच्या चुलीचं मात्र विचारतात. घरी येताना मी ठरवलं की एकदा तरी या गावानं आपल्या हातचं, माहीत असून, खायला हवं. कसं, ते काही सुचलं नव्हतं.

तुला नको असेल तरी लिहिते. मी नववीत होते. शाळेत पोरांच्या जेवणासाठी स्वयंपाकीण म्हणून तुझी निवड झाली होती आणि तू नवं निळं लुगडं नेसून गेली होतीस. चार दिवस तू खिचडी शिजवलीस. चार दिवस वरच्या मोहल्ल्यातली पोरं घरून डबे घेऊन आली. चौथ्या दिवशी त्याच मोहल्ल्यातले भोजराजभाऊ फाटकाशी दहा जणांना घेऊन उभे राहिले आणि तेव्हाच्या गुरुजींनी तुला सांगितलं की तुझी तब्येत बरी दिसत नाही, घरी आराम कर. तू खिचडीनं भरलेलं गंज, ते मोठं पातेलं, डोक्यावर घेऊन आलीस. दोन दिवस आपला सगळा मोहल्ला ती खिचडी खात होता, आणि ती चांगली झाली होती, हे तुला कोणीच म्हटलं नाही. मीही नाही. तिसऱ्या दिवशी तू नागपूरला गेलीस.

तर स्नेहसंमेलन. शाळेच्या त्याच स्वयंपाकखोलीत मी सकाळी सहाला ओव्हन लावला. एका वेळी सोळा पफ मावतात आणि करायचे होते जवळजवळ तीनशे. रुख्माबाईकडून बटाट्याचं सारण आलं, पण टमाटर घातल्यानं ते ओलं होतं. पहिला ट्रे निघाला तर वरून सोनेरी आणि खालून कच्चा लगदा. दुसराही तसाच. बत्तीस पफ वाया गेले. रुख्माबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिला नवं सारण करायला ना बटाटे उरले होते ना वेळ. मी म्हटलं, पाहुणे येणार म्हणून आपल्या मोहल्ल्यात चार घरी वड्यांसाठी लाखोळीची डाळ भिजलेली आहे. तिनं ट्रेमधला एक पफ पुन्हा उलटून पाहिला. मग हळूच म्हणाली, "आण. पन सांगू नोको कोणाले."

आईनं ती डाळ घरी जाडसर वाटली, लसणाच्या पातीवर आणि हिरव्या मिरचीवर परतून अगदी मोकळी केली. तिसरा ट्रे आला तेव्हा पफ खालून हाताला कडक लागला. शेवटचा ट्रे चार वाजता निघाला.

आता मला गप्प बसता आलं असतं, मावशी. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं असतं आणि मग मी सांगितलं असतं, बघा, कोणाच्या हातचं खाल्लं. गोंदियाच्या माझ्या मैत्रिणींना तेच आवडलं असतं. पण मला ते फसवणं वाटलं. तुझ्या वेळी त्यांनी माहीत असून नाही म्हटलं होतं. मला त्यांचं हो माहीत असूनच हवं होतं.

आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. समोर टोपल्या झाकून ठेवलेल्या, पोरं ताटल्या घेऊन रांगेत, मागे आईबाप. मी माइक घेतला आणि म्हटलं की आजच्या नाश्त्याचं पीठ गोंदियाच्या बेकरीचं आहे, सारण माझ्या आईनं, पार्वताबाईनं, आमच्या चुलीवर केलं आहे, आणि डाळ विहाराजवळच्या चार घरांची आहे. ज्याला खायचं त्यानं खावं. एवढं बोलून मी खाली उतरले. आभार मानायचे राहूनच गेले.

भोजराजभाऊ उठले, उपरणं झटकलं आणि फाटकाकडे चालू लागले. त्यांच्यामागे तीन माणसं गेली. रुख्माबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं गट आता मोडला. आई टोपलीमागे हात बांधून उभी होती, नजर खाली. आणि मग रुख्माबाई उठली. सगळ्यांसमोरून चालत टोपलीपाशी गेली, फडकं बाजूला केलं, एक पफ उचलला आणि तिथंच उभ्यानं खाल्ला. पापुद्रे तिच्या पदरावर पडत होते. सगळा मांडव तिच्या तोंडाकडे बघत होता. तिनं गिळलं आणि मोठ्यानं म्हणाली, "पार्वताबाई, मिरची कमी पडली वो."

आईनं मान वर केली. "मंग पुढच्या बारीले तू ये वाटाले. बसून खाले सारेच येतात."

मागून कोणीतरी खुदकन हसलं आणि रांग हलली. भोजराजभाऊंच्या सुनेनं दोन घेतले आणि एक पदराखाली नेला, कोणासाठी ते मी विचारलं नाही. अर्ध्या तासात टोपल्या रिकाम्या झाल्या. मोठ्या गुरुजींना मिळालाच नाही, त्यांनी तळाचे पापुद्रे गोळा करून खाल्ले. या आठवड्यात केशोरीच्या एका गटानं आईला शिकवायला बोलावलं आहे. ती आरशासमोर उभी राहून "पीठ मळायचं नाही" असं बोलायचा सराव करते.

आणि आता हे पत्र कशासाठी, ते. शाळेतली स्वयंपाकीण मुलाकडे राहायला गेली, जागा रिकामी आहे. सोमवारी शाळेच्या समितीची बैठक झाली, नाश्त्याचा हिशेब द्यायला मीही गेले होते. मी काही बोलायच्या आत रुख्माबाईनं तुझं नाव घेतलं. भोजराजभाऊही बसले होते, ते हो म्हणाले नाहीत आणि उठूनही गेले नाहीत. बारा जणांपैकी नऊ हात वर झाले. अर्ज मी भरून सोबत पाठवला आहे, खाली पेन्सिलीनं फुली केली आहे तिथं सही लागेल, दहा तारखेच्या आत. तुला नागपूरच आवडत असेल, त्या साठ मुली सोडवत नसतील, किंवा या गावाचं तोंड बघायचं नसेल, तर सही करू नकोस. मी रागावणार नाही, आईही नाही. पण यावेळी नाही म्हणायचं तर ते तू म्हणायचंस.

तुझीच,
रीना