गंधकाची चिमूट

मामंजी, तुम्ही होता तोवर तुमच्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, की तोंड उघडलं नाही. आता बोलते. मला अक्षर येत नाही, म्हणून नात लिहून घेते आहे. तुम्हाला तरी कुठं येत होतं!

परड्यातल्या मधाच्या पेट्यांपैकी एकच उरली. तीच ती तांबडी कीड, माशांच्या अंगाला चिकटून त्यांना शोषणारी. पंख चुरगळलेल्या माशा पेटीखाली मातीत सरपटतात, मुंग्या त्यांना ओढून नेतात. मी रोज सकाळी पिठीसाखर भुरभुरते, चौकटींवर ओव्याचं फूल, ते कापरासारखे खडे, ठेवते, तुमच्यासारखंच. माशा अंग झाडतात, थोडी कीड गळते. पण मेणानं झाकलेल्या घरांत पिलांना धरून बसलेली कुठली गळायला? माझा लेक, तुमचा नातू, दोन वर्षं औषधाच्या पट्ट्या आणून दाखवतोय. "आई, एक लावून तर बघू." मी आपली शहाणी. "तुझ्या आज्यानं औषध सोडलं ते उगा न्हाई." एकेक पेटी मेली, तरी माझं तेच.

तुम्ही ते सोडलं तेव्हा मी लग्न होऊन नवी आलेली. तुम्ही चौकटींवर गंधकाची एक चिमूट भुरभुरलीत आणि मला बजावलंत, "बास. औषध हाय, भंडारा न्हवं उधळायला." तिसऱ्या दिवशी पेटीच्या तळाशी मेलेल्या माशांचा थर. तुम्ही पायरीवर बसून आपल्याच बोटांकडं बघत राहिलात. "माझाच हात जड पडला गं पोरी," म्हणालात. उरलेला गंधक खड्डा खणून पुरलात, आणि मरेपर्यंत पेटीला साखर आणि ओवाच.

काल मीच लेकाला म्हटलं, "लाव बाबा पट्टी." पेटी उघडून तो म्हणाला, "कुणाला लावू, आई? मूठभर बी माशा न्हाईत." तरी लावली, माझं मन राखायला.

आवं मामंजी, हात तुमचा जड नव्हता. तुमची पाठ वळल्यावर आणखी एक चिमूट मी टाकली होती. चिमूट कसली, मूठच म्हणा. लवकर बरं होईल असं वाटलं.

नातीचं पेन थांबलं. "आजी, हे पप्पांना ठाऊक हाय?"

"न्हाई. तेवढं खोड."

कागद कुठं धाडायचा नाहीच, पण लेकाच्या हाती पडायला नको. नात खोडलं म्हणते. मला कुठं वाचता येतंय.