शर्करा : मूळ अर्थ खडा

मंगळवार, ३ मार्च

ह्यांच्या बुटात खडा निघाला. हरभऱ्याएवढा! डॉक्टरीणबाईंनी बूट उलटा करून टेबलावर आपटला तेव्हा टक्कन वाजला.
"किती दिवस चालत होतात यावर?"
हे हसले. "मला काय माहीत? लागलंच नाही."
बारा वर्षांची साखर. तळपायांना काही कळणं कधीच बंद झालंय. उजव्या अंगठ्याखाली जखम, आतून काळी. बत्तीस वर्षं घरोघर टपाल वाटलेला पाय तो!

बाईंनी तक्ता मागितला. रोज सकाळी ह्यांचे तळपाय बघायचे आणि तक्त्यावर खूण करायची, असा त्यांचा दंडक. मी पर्समधून काढून दिला. एकही चौकोन रिकामा नाही. "शाबास! मग हे झालं कसं?"

कसं झालं ते इथे लिहिते. दुसरीकडे कुठे लिहिणार? १३ फेब्रुवारीपासून मी पाय बघितलेलेच नाहीत. नुसत्या खुणा केल्या. एकोणीस.

शब्दकोशाचा 'स'चा भाग छापायला जायचाय. कचेरीत प्रुफांचे ढीग. शेवटी शेवटी आम्ही सगळेच न वाचता कोपऱ्यात आद्याक्षर ठोकतो – आधीच्याने वाचलंच असेल, या भरवशावर. तीच सवय मी घरी आणली. पण घरी आधीचा कुणी नव्हता.

गुरुवार, ५ मार्च

आज खणातून कुठला शब्द माझ्या वाट्याला यावा? साखर! हसावं की रडावं कळेना.

त्या शब्दाच्या नोंदींच्या चिठ्ठ्या काढल्या. मराठी साखर, प्राकृत सक्करा, संस्कृत शर्करा. अर्थ पहिला : खडे, वाळू, खापराचा तुकडा. गोडाचा मागमूस नाही! उसाच्या रसाचे दाणे खड्यांसारखे दिसले, म्हणून त्यांना हे नाव चिकटलं. ती चिठ्ठी हातात धरून मी किती वेळ बसले कोण जाणे. मुख्य संपादक – आम्ही त्यांना पूर्णविराम म्हणतो, कारण ते बोलले की विषय संपतो – जाता जाता थांबले. "बाई, चिठ्ठी पाठ करताय का?"

शुक्रवार, ६ मार्च

अंगठा काढला.

सोमवार, ९ मार्च

फारसीत शकर. अरबीत सुक्कर. स्पॅनिश लोकांनी अरबांकडून घेताना शब्दाआधी लागणारा 'अल'सुद्धा उचलला – अझुकार. जर्मन त्सुकर, फ्रेंच स्युक्र, इंग्रजी शुगर. रशियात ग्रीकांकडून गेली, तिथे साखर जवळजवळ साखरच राहिली. सिंहलीत हकुरू, म्हणजे गूळ. इंग्रज गुळाला जॅगरी म्हणतात, तोही शर्करेचाच नातू, मल्याळम आणि पोर्तुगीज अशी दोन घरं फिरून तिकडे पोचलेला. सगळं जग पालथं घातलंन या बयेने आणि शेवटी मुक्काम ठोकला तो आमच्या घरी!

खाली पोटशब्द लिहिले. साखरपेरणी. साखरझोप. 'तोंडात साखर पडो.' हात आखडला. कुणाच्याही तोंडात पडू नये, असं वाटलं.

लेकीचा फोन. "आई, तू रोज बघत होतीस ना गं?"
"हो तर."
किती सहज म्हणाले मी!

बुधवार, ११ मार्च

आणखी दोन बोटं काळी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शनिवारपर्यंत वाट बघू, नाहीतर पाऊल. देवा, पाऊल नको. माझं काय हवं ते घे. हे आपले भिंतीकडे तोंड करून पडलेले. जेवले नाहीत.

रक्त घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, "काकू, तुमचीपण एकदा तपासून घ्या ना. थेंबभर तर लागतं."
"मला काय धाड भरलीय!"

वॉर्डातली आया बादली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "साखर पाय खाते बघा. दात नसतात तिला, म्हणून कळत नाही." तिथल्या तिथे कागदावर उतरवून घेतलं. नवरा असा पडलेला आणि मी उदाहरणं गोळा करतेय! लाज वाटली. तरी कागद फेकला नाही.

शुक्रवार, १३ मार्च

आमच्याकडे मनाने रचलेलं उदाहरण चालत नाही. कुणीतरी खरंच बोललेलं किंवा लिहिलेलं हवं. मी आयाचं वाक्य पुढे केलं.
"कोण म्हणालं?"
"दवाखान्यातली आया. परवा."
पूर्णविरामांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "घ्या. आणि घरी जा, बाई."
"साखरेचं प्रूफ राहिलंय."
"मी वाचतो." मग चष्मा परत लावून, "खरंच वाचतो."
म्हणजे आमच्या न वाचता ठोकलेल्या आद्याक्षरांचं त्यांना सगळं ठाऊक होतं तर!

शनिवार, १४ मार्च

पाऊल. संमतीच्या कागदावर सही मी केली. प्रत्येक ओळ वाचली, बारीक टायपातलीसुद्धा. परिचारिका घड्याळ बघत उभी होती. उभी राहू दे. आता वाचून काय उपयोग, पण वाचलं.

रविवार, १५ मार्च

सांगितलं. सगळं सांगितलं. एकोणीस दिवस, खोट्या खुणा, लेकीला मारलेली थाप. वाटलं होतं ओरडतील. ओरडायला हवं होतं.
"माहीत आहे की," हे म्हणाले. "सकाळी पाय वर करून बसायचो. तू चहा ठेवून तशीच पळायचीस. तीन-चार दिवस बसलो, मग सोडून दिलं."
"मग बोलायचं नाही का!"
"खरं सांगू? बरं वाटत होतं. बारा वर्षं बायको रोज तळपाय बघतेय... कंटाळलो होतो गं. वाटलं, चला, सुटलो एकदाचे."
मला हुंदका आवरेना. ह्यांनी माझा हात ओढला. "हळू रड. शेजारच्या खाटेवाल्याला वाटेल मी गेलो."

मंगळवार, १७ मार्च

सकाळी दवाखान्यात न्यायची काचेची बाटली ओट्याजवळ फुटली. काचा भरल्या, अंघोळीला गेले. बाहेर आले तर फरशीवर लाल ठसे, ओट्यापासून न्हाणीघरापर्यंत. एकाच पायाचे. क्षणभर वाटलं, ह्यांचेच. पण हे तिकडे आहेत, घरात मी एकटी. खाली बसले, तळपाय वर केला. काचेचा तुकडा अर्धा आत होता. उपटून काढला.

काही लागलं नाही.