हंडीतला फोन

१२ नोव्हें., बुध.
शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातून बाद. मी! आणि तेही बरोबर बोलले म्हणून.
दिवाळीची सुट्टी बाबांनी आणि मी जुन्या फ्रिजच्या कंप्रेसरचा पंप करण्यात घालवली. वर काचेची हंडी, आत स्पंजवर माझा फोन. हवा ओढली की रिंग ऐकू येत नाही, पण कॉल लागतो, स्क्रीन उजळते. आवाजाला हवा लागते. रेडिओलहरींना नाही, प्रकाशाला नाही. एवढंच दाखवायचं होतं.
परीक्षक : "कॉल आ रहा है, मतलब हवा बाकी है. पंप कमज़ोर है, बेटा."
मी : "सर, फिर सूरज की धूप यहाँ तक कौन-सी हवा से आती है?"
मागे कुणीतरी हसलं. खेळ खलास.

१३, गुरु.
प्रिन्सिपल मॅडमनी तोडगा आणलाय. तक्त्यावर एक ओळ लिहायची : हवा उरते म्हणून फोन लागतो. मग राज्य पातळीवर पाठवतील. "लिख दो ना, तुम्हारा क्या जाता है?" शनिवारी फोन करणार, हो की नाही विचारायला.
थोडी हवा उरते, कबूल. पण फोन तिच्यामुळे लागत नाही! राज्य पातळीवर जायचं तर खूप आहे. त्याचाच जास्त राग येतोय.

१४, शुक्र.
बाबा प्लांटमधून आले. चहा घेताना म्हणाले, "लिहून टाक गं. साहेबांना 'हो' म्हणण्यात आमचा जन्म गेला. माझा पंप कमजोर म्हणालीस तर मला काही वाटणार नाही."
मला वाटतं ना! नळी बसवताना बाबांची बोटं सोलली होती. मी रडले. मग जेवले.

१५, शनि.
आज हंडीत अर्धवट फुगवलेला फुगाही ठेवला. हवा ओढली तसा तो टम्म फुगला. आता म्हणा पंप कमजोर! पंप बंद केला. बाबा त्यांच्या फोनवरून मला कॉल लावणार, तोच आतला फोन उजळला. प्रिन्सिपल मॅडम. आवाज नाही, नाव मात्र लख्ख.
उचलायचा तर आधी हवा आत सोडायला हवी. बाबांचा हात नळीवर गेला. "सोडू?"
"थांबा, बाबा."
त्यांनी हात काढला. खुर्ची ओढून शेजारी बसले.
नाव विझलं. हे लिहितेय तर परत उजळलंय.