किमरावांची मुद्दाम हरलेली कुस्ती

प्रिय दानबी,

अक्षराला हसू नकोस. खराट्याच्या काडीने आणि चुलीतल्या काजळीने लिहायला बस, मग कळेल. आम्हा डोक्केबी भुतांना शाळा नसते. जुन्या खराट्यात नाहीतर मोडक्या मुसळात जन्म घ्यायचा, माणसांच्या खोड्या काढायच्या आणि दिसेल त्याला कुस्तीला बोलवायचं, एवढंच आमचं शिक्षण. गावाने आम्हा सगळ्यांना सरसकट किम हे एकच आडनाव देऊन टाकलंय. तू मात्र पहिल्याच भेटीत मला ‘किमराव’ म्हणालीस, आणि तेव्हापासून मी दारावर उगीचच ताठ मानेने टांगून घेतो.

तू आईकडे वोनजूला शाळेत गेल्यापासून अंगण फार मोठं वाटतं. कुट्टू यंदा छान फुलला होता, काढणीही झाली. शेजारच्या ओकबुन काकूंनी नव्या पिठाच्या वड्या थापल्या आणि मानबोकने, म्हणजे तुझ्या आजोबांनी, त्यातली ताटली रोजच्यासारखी दाराशी ठेवली. काकू म्हणाल्या, “अहो, खराट्याला कसला नैवेद्य दाखवताय? मांजर खाईल!” तो म्हणाला, “खाऊ दे की, मांजराला काय पोट नसतं?” मांजर आलं होतं, मी हाकललं. वड्या अशा थलथलीत झाल्या होत्या की काडीवर ठरेनात. तुझी आठवण काढून खाल्ल्या, आणि खरं सांगायचं तर तुझ्या वाटणीच्याही खाल्ल्या.

तुझे आभार मानायचे राहूनच गेले होते. वर्षअखेरच्या साफसफाईला तुझी आई आली, तिने मला दारावरून काढलं आणि “जुना खराटा घरात ठेवू नये बाबा, त्यात नको ते शिरतं,” म्हणून अंगणातल्या आगीत टाकलं. तिची चूक नाही, सगळं गाव तेच करतं, आणि माझ्यात नको ते केव्हाच शिरलेलं होतं! मानबोक नुसता बघत उभा राहिला. एका खराट्यासाठी लेकीपुढे हात जोडायची त्याला लाज वाटली असावी. तेवढ्यात तू धावलीस आणि हात घालून मला ओढून काढलंस. माझी शेंडी जळली, तुझ्या बोटाला फोड आला. आई ओरडत होती आणि तू मला कुशीत धरून विचारत होतीस, “दुखतंय का रे?” माणसांनी मला शिव्या दिल्या आहेत, घाबरून मीठ फेकलंय, कुस्तीत कान पिरगाळलाय. दुखतंय का, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. दानबी, त्या एका प्रश्नासाठी मी तुझा जन्माचा ऋणी आहे.

त्याच तिन्हीसांजेला मी तुझ्यासमोर उभा राहिलो आणि तू घाबरायचं सोडून माझी उलटतपासणी घेतलीस. आजोबांची ती कुस्तीची गोष्ट तुला पाठ होती. ऐन थंडीत बाजारातून परतताना खिंडीत डोक्केबी आडवा आला, रात्रभर झुंज झाली, उजाडता उजाडता आजोबांनी त्याला चीत केलं, कमरेच्या पट्ट्याने देवदाराला बांधलं आणि सकाळी जाऊन बघतात तर झाडाला खराटा! ही गोष्ट मानबोकने दवाखान्यात, बसमध्ये, लग्नात, एवढंच काय मयतीलाही सांगितलीय. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, “रात्रभर पडला नाहीस, मग पहाटेच कसा पडलास?” मग मला खरं सांगावंच लागलं. तुझी आजी जाऊन फार दिवस झाले नव्हते. तांदळाची दारू पिऊन तो खिंडीतल्या बर्फात बसला होता आणि त्याचे डोळे मिटत होते. झोपला असता तर उठला नसता, आणि घरी तुझी आई पाळण्यात होती. अशा माणसाला जागं ठेवायला मला येऊन जाऊन एकच गोष्ट येते. म्हणून म्हटलं, चल, खेळतोस का कुस्ती? उजाडलं, त्याच्या अंगाला घाम फुटला, आणि मी आडवा झालो. हे ऐकून तू रडलीस आणि लगेच आजोबांना सांगायला निघालीस. तुला थांबवायला मला दारात आडवं पडावं लागलं.

आता इकडची गोष्ट. आई दर रविवारी फोनवर विनवते की बाबा, थंडीच्या आत इकडे या, आणि तो दर रविवारी गुरगुरतो, “मला या घरातून हलवायचंय ना? आधी कुस्तीत पाडा, मग बोला!” मीही मनातून खूश असायचो. तो गेला तर मला कोण? पण परवा भर दुपारी किमचीच्या लोणच्याच्या रांजणापाशी त्याचा गुडघा वळला आणि तो पडला. दानबी, दिवसा मी नुसता खराटा असतो. तो “ओकबुन बाई, अहो ओकबुन बाई,” अशा हाका मारत होता, काकू बाजारात गेल्या होत्या आणि मी दाराशी टांगलेला, त्याच्याकडे बघत. ऊन उतरलं, त्याच्या हाका बारीक होत गेल्या. अंधारून आलं तसा मी खाली उडी मारली आणि त्याला आत नेऊन चुलीशी निजवलं. तो म्हणाला, “कुणाला बोलू नकोस हं.” मी त्याच्या अंगावर गोधडी ओढली. इतका मी आगीतही भ्यालो नव्हतो.

तो जरा सावरला तशी काल संध्याकाळी मी कमरेला पट्टा बांधला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, “मानबोक, ऊठ. हरलास तर पोरीकडे जायचं.” तो हसला, “अरे जळक्या शेंडीच्या, तुझी कच्ची बाजू मला अजून ठाऊक आहे!” आणि खरंच त्याने तीच धरली. म्हातारा असला तरी पकड आहे बरं का त्याची! पण या वेळी मी पडलो नाही. त्याला अलगद उचललं आणि कुट्टूच्या पेंढ्यावर ठेवलं, दुखऱ्या गुडघ्याला धक्कासुद्धा लागू दिला नाही. त्याने केसांत अडकलेल्या पेंढ्याच्या काड्या काढल्या. मग म्हणाला, “म्हणजे त्या पहाटे तू मुद्दाम पडलास. माहीत होतं मला. घामाने निथळत घरी आलो, पोरगी पाळण्यात हात हलवत होती, तेव्हाच कळलं. आभार कसे मानायचे ते समजेना, म्हणून तुला घरी आणलं आणि जन्मभर फुशारकी मारत बसलो.” मी तोंड फिरवून पेंढा गोळा करत राहिलो. डोक्केबी रडत नाहीत, असं आपलं लोक म्हणतात.

तर तो उद्या सकाळच्या बसने निघतोय. मलाही पिशवीत घालून न्यायला निघाला होता, पण नव्या घरात जुना खराटा न्यायचा नसतो आणि तुझ्या आईला मी पुन्हा संकटात टाकणार नाही. घर ओकबुन काकू बघतील आणि त्यांच्या वड्या असताना माझी काळजी करायचं कारण नाही. हे पत्र किमचीच्या बरणीच्या फडक्यात बांधलंय, ती बरणी तूच सोड. कारण असं की निघायच्या गडबडीत त्याने माझा हात धरून एकच गोष्ट मागितली. “दानबीला खरं सांगू नकोस. तिला वाटतं तिच्या आजोबाने डोक्केबीला लोळवलंय. तेवढं राहू दे.” मी शब्द दिला. तुला सगळं आधीपासून माहीत आहे हे त्याला मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? तेव्हा बाळ, तो चहा घेऊन टेकला की गोष्ट सुरू करेल, आणि या खेपेला त्यात कालचीही कुस्ती जिंकलेली असेल. तू मध्ये बोलू नकोस. डोळे मोठे कर, “बाप रे आजोबा, मग?” असं विचार. तो खूप हसेल. इथवर ते ऐकू यायचं नाही, तेव्हा माझ्या वाटणीचंही तूच ऐकून घे.

तुझाच,
किमराव