व्हाल्सरबर्गची फांदी

आइंडहोव्हन,
६ नोव्हेंबर २०१८

प्रिय अपूर्वा,

तुझी लेक कोणाकडे राहणार ते गुरुवारी कोर्टात ठरणार, असं मालिनीकडून कळलं. दहा महिने मी तुला फोन केला नाही. कामात होते, असं लिहिणार होते. पण आपल्या मराठी मंडळात कामात कोण नसतं, आणि तरी सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं.

जानेवारीतला तो ट्रेक मला रोज आठवतो. व्हाल्सरबर्ग, उंची तीनशे बावीस मीटर. पुण्यात आपण याहून उंचावर भांडी घासत होतो. पण या सपाट देशात मिरवायला तेवढाच डोंगर, आणि तुझा नवरा यतीन पडला कॉलेजात सह्याद्री पालथा घातलेला लीडर. वादळाचा इशारा आला, शेजारच्या डच आजोबांनी अंगणातल्या कुंड्यासुद्धा आत घेतल्या. यतीनने ग्रुपवर टाकलं, 'मावळे वाऱ्याला भीत नाहीत.' झालं! आपण आठ मावळे थालीपीठं बांधून निघालो.

जंगलात शिरलो आणि वाऱ्याने सगळं मावळेपण काढलं. गारा खडीसारख्या तोंडावर बसत होत्या. रवींद्रचा चष्मा उडाला. मागे एक झाड मुळासकट उपटलं, तेव्हा पायाखालची जमीन उचलली गेली. पुढचं मधोमध फाटलं ते तोफेसारखा आवाज करत. मीनल वाटेतच बसून रडायला लागली. यतीन आपल्याला तिसऱ्यांदा त्याच मोडक्या बाकाशी घेऊन आला. तू म्हणालीस, "अरे, आपण चुकलोय. परत फिरू या." तो ओरडला, "मला शिकवू नकोस!" आणि माझी जीभ कधी गप्प बसलीये? मी म्हटलं, "यतीनराव, हरवायला निदान मोठा डोंगर तरी निवडायचा!" सगळे हसले. घाबरलेली माणसं जरा जास्तच हसतात. तूही हसलीस.

मला तो काय करणार? मी वयाने मोठी, त्यात त्याच्या साहेबांची बायको. तू त्याच्या हाताशी होतीस.

खाली चहाच्या टपरीवजा हॉटेलात तुझ्या कानामागचं रक्त मीच पुसलं. रवींद्र म्हणाला, "फांदी लागली, नाही का?" माझ्या विनयने मान हलवली. मग सगळ्यांनी. मीही. वादळ आयतंच होतं, एवढ्या फांद्या पडल्या होत्या, त्यात एक आपली. नंतर मंडळाच्या अंकात नेहमीप्रमाणे ट्रेकचा वृत्तांत मी लिहिला: 'अपूर्वाच्या डोक्यावर व्हाल्सरबर्गने फांदीरूपी आशीर्वाद दिला.' लोकांनी फोन करकरून दाद दिली. मी ती घेतली.

आता कळतंय की यतीनच्या वकिलाने तोच वृत्तांत डचमध्ये करून कोर्टात लावलाय. परभाषेत गेलेलं माझं हे पहिलंच साहित्य. त्यावरून तू खोटारडी ठरतेस, आणि खोटारड्या आईकडे मूल कोण ठेवणार?

म्हणून हे पत्र. ते तुझ्या वकीलबाईंना दे. फांदी नव्हती. यतीनच्या हातातली चालायची लोखंडी टोकाची काठी होती. त्याने ती दोन्ही हातांनी धरून मारली. पहिला फटका कानामागे बसला. तू पडल्यावर दोन पाठीत. मग लाथ. मी चार हातांवर उभी होते आणि मला सगळं स्पष्ट दिसत होतं. काल पोलिसांत जाऊन हेच सांगितलं, सही केली. विनय तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. गुरुवारी नऊ वाजता मी कोर्टाच्या दाराशी असेन. आत बोलावलं तर हेच सांगेन. तू माझ्याकडे बघितलं नाहीस तरी थांबेन.

उशिरा तोंड उघडलेली, तरी तुझीच,
शामलाताई