नंबर दोनचा आवाज

३ मार्च, सकाळी ८
आजपासून ही वही. पाणीपुरवठा खात्यात नियोजन सहायक होऊन महिना झाला आणि साहेबांनी पुढच्या दहा वर्षांचे सिनारियो माझ्यावर सोपवले. पाऊस कमी किंवा जास्त, वीज अपुरी किंवा पुरेशी. एकूण चार चौकोन, प्रत्येकात एक भविष्य. संकल्प: खात्यावर काहीही अचानक कोसळू द्यायचं नाही.

७ मार्च
तीन भविष्यांना नावं दिली: ‘भरली घागर’, ‘कोरडा नळ’, ‘पूर आणि अंधार’. चौथं सुचत नाही. आई म्हणाली, चार-चार भविष्यं लिहितेस, त्यातल्या एकात तरी कपडे वाळत घाल.

११ मार्च
जेवताना बाबांनी विषय काढला. ते आमच्याच खात्यात पंप ऑपरेटर, एकतीस वर्षं. म्हणाले, मास्तरीणबाई, तुमच्या भविष्यात आमचा नंबर दोनचा पंप आहे का? बेअरिंग कुरकुरतंय. लॉगबुकात तीनदा लिहिलं, वाचतंय कोण?
मी शांतपणे समजावलं. सिनारियो अनिश्चित गोष्टींचे असतात. बेअरिंग जाणार हे निश्चित आहे, त्यामुळे ते चौकोनात बसत नाही.
बाबा म्हणाले, वा! म्हणजे जो नक्की मरणार त्याला औषध नाही.
त्यांना चेष्टेची सवयच आहे.

१२ मार्च
सकाळपासून एकच विचार. साहेबांना सांगावं का? पण वडिलांची तक्रार मुलीनेच पुढे रेटली, तर लोक काय म्हणतील? तत्त्व म्हणजे तत्त्व. रिपोर्टच्या शेवटी ‘निश्चित बाबी’ नावाचं परिशिष्ट जोडलं, त्यात एक ओळ टाकली. बाबांचं नाव नाही. निःपक्षपाती वाटलं. चहा घेतला.

१९ मार्च
पंपघरात गेले, आकडे हवे होते. बाबा स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावून ऐकत होते. शाळेत नाव घालण्याआधी मी इथेच शिकले. अक्षरं जुन्या लॉगबुकाच्या कोऱ्या पानांवर, बेरीज बाबांच्या बोटांवर.
स्क्रूड्रायव्हर पुढे करून म्हणाले, ये, ऐक.
साडेअकराला मीटिंग होती. कानाला ग्रीस लागलं असतं. संकल्प: पुढच्या वेळी नक्की.

२६ मार्च, दुपारी ४
प्रेझेंटेशन झालं. टाळ्या! परिशिष्टाला वेळ उरला नाही. साहेब म्हणाले, परिशिष्ट कोण वाचतं? आता आपण कशालाही तयार आहोत.
चौथ्या भविष्याचं नाव शेवटपर्यंत सुचलं नाही. कोणी विचारलंही नाही.

२ एप्रिल
नंबर दोन. सकाळी दहा वीस. बेअरिंग जाम झालं, कपलिंग फुटलं. बाबा ऐकत होते. उजव्या हाताची तीन बोटं.

५ एप्रिल, हॉस्पिटल
साहेब भेटून गेले. जाताना बाहेर मला म्हणाले, घाबरू नकोस, चारपैकी एकही सिनारियो अजून घडलेला नाही, तुझ्या रिपोर्टला धक्का नाही. मलाही ते पटलं. चांगली दहा मिनिटं पटलेलं होतं.
आत गेले. बाबा बँडेजकडे बघत म्हणाले, मास्तरीण, माझ्याकडे आता सातच. पुढची बेरीज तुझी तू कर.
आई हसली नाही. मी हसले, आणि मग बाहेर जाऊन बसले.

९ एप्रिल
अपघाताचा फॉर्म साहेबांनी माझ्याकडेच दिला. अक्षर चांगलं म्हणून. जखमी माणूस माझे वडील आहेत, मी भरणं बरं दिसणार नाही, असं म्हटलं. ते म्हणाले, या वेळी चालतं.
प्रश्न सहावा: पूर्वसूचना मिळाली होती का?
साहेबांच्या मते, ‘नाही’. परिशिष्ट म्हणजे सूचना नव्हे. ‘हो’ म्हटलं, तर पुढचे प्रश्न आहेत: कोणाला? कधी?
या वेळी दोनच चौकोन आहेत. सकाळपासून पेन उघडं धरून बसले आहे. निब सुकली.